प्रात्यक्षिकाचं पाणी

पाण्यावर पहिला हक्क पाण्यात राहणाऱ्याचा, हे तत्त्व सगळ्या सुधारलेल्या समाजांना मान्य आहे. त्यासाठी परिषदा भरतात, ठराव होतात, ठराव वाचून दाखवणाऱ्याचा कंठ दाटून येतो. एकदा हक्क मान्य झाला की पुढचं काम अगदी सोपं असतं, फक्त पाणी सोडायचं. ते कोणी सोडत नाही.

या नदीपुरतं बोलायचं तर हक्क सांगायला फारसं कोणी उरलंही नव्हतं. धरण बांधलं तेव्हा नदीचं सगळं पाणी एका बोगद्यात घातलं आणि डोंगरापलीकडच्या वीजघरावर नेऊन पाडलं. तिथून पुढे नदी पुन्हा नदीसारखी वाहायला लागली. मधल्या पट्ट्यात, म्हणजे धरणाच्या पायथ्यापासून डोंगराचा वळसा संपेपर्यंत, राहिले नुसते दगड. आणि पायथ्यापासून थोडं खाली एक डोह. डोहात बारा महिने पाणी असायचं, कारण धरण गळत होतं. गळती म्हणजे इंजिनिअर लोकांना चारचौघांत सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट. पण त्या लाजेवर एक अख्खी जमात जगत होती.

जमातीचं नाव दगडचाट्या. वीतभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा मासा. दगडाला ओठ लावून बसायचं आणि शेवाळ खरवडून खायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. चवीला कडू, म्हणून त्याला कोणी खात नाही. दिसायला बेताचा, म्हणून कोणी काचेच्या पेटीत पाळत नाही. ज्याला कोणी खातही नाही आणि पाळतही नाही, त्याच्या बाजूने बोलायला जगात सहसा कोणी उभं राहत नाही. दगडचाट्याच्या नशिबाने त्याला एक बाई मिळाल्या होत्या.

त्यांना सगळे मासेबाई म्हणत. संशोधन संस्थेच्या दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण शिपाईसुद्धा चहा कोणासाठी म्हटल्यावर "मासेबाईंना" असंच सांगायचा. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि वर चांगली इस्त्रीची साडी, अशा वेषात त्या डोहाच्या काठी दिसत. राहायला धरणाच्या कॉलनीत, थोरल्या बहिणीकडे. लग्न का केलं नाहीस, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "केलं असतं, पण नवऱ्याकडे इतक्या बारकाईने बघितलं असतं तर तोच पळाला असता."

त्यांच्या आयुष्यात काळजी एकच होती. दगडचाट्या डोहात जगतो, पण डोहात अंडी घालत नाही. त्याला अंडी घालायला घोट्याएवढं वाहतं पाणी लागतं, बारीक खड्यांवरून झुळझुळणारं. डोहाला लागूनच नदीचा एक जुना फाटा होता, असल्याच खड्यांचा; पण त्यात पाणी यायचं ते धरण तुडुंब भरून सांडलं तरच. वीजकंपनीने नवं जनित्र बसवल्यापासून धरण कधी सांडलंच नव्हतं. डोहातले मासे आता सगळेच्या सगळे म्हातारे होत चालले होते. त्यांच्यात एकही पोर नव्हतं. म्हातारे गेले की जमात गेली. नदीत कायमचं थोडं पाणी सोडा, एवढंच मासेबाईंचं मागणं होतं, आणि ते म्हातारे मरायच्या आत पुरं व्हायला हवं होतं.

त्यासाठी एक समिती होती. किमान प्रवाह समिती. धरणाखालच्या नदीला कमीत कमी किती पाणी द्यायचं ते तिने ठरवायचं होतं आणि ती ते कमीत कमी वेगाने ठरवत होती.

बैठकीच्या खोलीत लांबट टेबल होतं, त्यावर हिरवं कापड, प्रत्येकासमोर बंद पडलेला माइक. एसीचा वारा नेमका मासेबाईंच्या डोक्यावर यायचा. त्या दिवशी त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. पाण्याची खोली किती, वेग किती, आणि त्यात माशाला राहण्याजोगी जागा किती. सुंदर वळणाची रेघ होती. ती काढायला त्यांची उमर गेली होती.

कंपनीच्या वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, आलेख छानच आहे. मला फक्त एक सांगा, हा मासा आलेखात राहतो की नदीत?"

सगळे हसले. मासेबाईही हसल्या. समितीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस हसायला शिकतो.

"वकीलसाहेब गमतीने म्हणाले, पण मुद्दा बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. निवृत्तीनंतर त्यांना प्रत्येक गोष्टीत दोन्ही बाजू दिसायला लागल्या होत्या आणि त्यामुळे त्यांना कुठेच जाता येत नव्हतं. "आम्ही साधी माणसं. आम्हाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

मासेबाई याच वाक्याची वाट पाहत होत्या. "मग डोळ्यांनीच बघा," त्या म्हणाल्या. "अशी एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. धरणातून एका दिवसात वेगवेगळं पाणी सोडायचं. आधी थोडं, मग मध्यम, मग भरपूर. सभासदांनी काठावर उभं राहून प्रत्येक पाण्याला दहापैकी गुण द्यायचे. ज्याला जास्त गुण, त्याच्या आसपास किमान प्रवाह ठरवायचा. कितीतरी ठिकाणी असंच ठरवतात."

"सौंदर्यस्पर्धेसारखं," पर्यटन खात्याच्या बाई खूश होऊन म्हणाल्या.

"तसंच म्हणा," मासेबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात याहून मोठे अपमान गिळले होते. "आणि कोरड्या नदीलाही गुण द्यायचे. पण ती शेवटी. भरपूर पाणी बघून झालं की लगेच कोरडं दाखवायचं, म्हणजे फरक काळजाला भिडेल."

हा त्यांचा स्वतःचा हुशारपणा. साडीच्या दुकानात भारी साडी दाखवून झाल्यावर हलकी समोर टाकतात, त्या चालीचा.

वकिलांची काही हरकत नव्हती. त्यांनी एक अट तेवढी घातली. चारही स्थिती सगळ्या सभासदांनी एकाच दिवशी, प्रत्यक्ष बघितल्या पाहिजेत, नाहीतर प्रात्यक्षिक रद्द. रद्द झालं तर नदीची आहे ती स्थिती कायम. आणि समितीची मुदत त्याच महिन्यात संपत होती, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तारीख मासेबाईंनी निवडली. माशांच्या पोटात अंडी धरलेली असतात त्या दिवसांतली. समितीला मासेही दिसले तर बरंच, असा त्यांचा विचार.

"मग आता माझ्या नवऱ्यालाच कामाला लावणार म्हण की," ताई म्हणाली. ती ओट्यापाशी भाजी चिरत होती आणि विळीवरून नजर न उचलता दोघांवर लक्ष ठेवून होती. भाऊजी धरणाच्या नियंत्रण कक्षात शिफ्ट इंजिनिअर. सगळा दिवस ते हिरव्या दिव्यांसमोर बसत आणि एखादा लाल झाला की हिरवा करत. घरी येऊन तेच ते टीव्हीसमोर करत, फक्त तिथे दिवे नव्हते.

"आदेश येऊ दे, मेहुणीबाई म्हणतील तेवढं पाणी सोडतो," भाऊजी म्हणाले. "तळाचा दरवाजा उघडावा लागेल. बोगद्याचं तोंड वर आहे, त्यातून नदीत थेंब पडायचा नाही. नदीकडे जाणारी वाट ती एकच."

"उघडण्याचं सोडा, भाऊजी. बंद करताना कसा करणार ते सांगा."

"तुम्ही म्हणाल तसा. सावकाश केला तर निम्मा दिवस जाईल. एकदम केला तर चहा गार व्हायच्या आत."

"सावकाश. अगदी सावकाश." मासेबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पाणी सोडताना मासे मरत नाहीत, भाऊजी. बंद करताना मरतात. पाणी हळूहळू उतरलं तर त्याला कळतं, चला, आता डोहात परत जायचं. एकदम ओढून घेतलं तर तो घाबरतो. आणि हा मासा घाबरला की पळत नाही. दगडाला ओठ लावून घट्ट बसतो. त्याला वाटतं, पूर आलाय, धरून बसलं की जाईल निघून. इथे पाणीच निघून जातं."

"म्हणजे अगदी तुझ्या भाऊजींसारखा," ताई म्हणाली. "घरात काही झालं की खुर्चीला चिकटतात. घर पडलं तरी सुटायचे नाहीत."

"पडलेल्या घरात खुर्ची तरी असावी माणसाजवळ," भाऊजी म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मग पुन्हा कमी केला. "सावकाश म्हणजे सावकाश, मेहुणीबाई. माझा शब्द."

बंद करताना मासे कसे मरतात यावर मासेबाईंचा एक प्रसिद्ध लेख होता. जगभरच्या धरणवाल्यांना तो वाचायला देतात. ते तो वाचतात की नाही हा प्रश्न वेगळा. लिहिणाराला तरी तो पाठ असणार, असं सगळे धरून चालतात.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी डोहाच्या काठावर मांडव घातला होता. खाली सतरंजी, वर प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला झाकून ठेवलेले जेवणाचे डबे. कंपनीने सगळ्यांना टोप्या वाटल्या. टोपीवर कंपनीचं चिन्ह होतं, हिरवं पान आणि त्यातून निघालेली वायर. मासेबाईंनीही घातली. ऊन कडक होतं.

ठरल्या वेळी सगळे आले, एक अध्यक्ष सोडून. त्यांची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. सभासदांनी कोरडी नदी बघितली, फोटो काढले, आणि चहा घेत बसले. अध्यक्षांचा फोन आला, "माझ्यासाठी थांबू नका, सुरू करा, मी पोचतोच आहे." मासेबाईंनी वॉकीटॉकीवरून भाऊजींना सांगितलं. वर कुठेतरी लोखंड कण्हलं, आणि थोड्या वेळाने दगडांमधून पाण्याची पातळ जीभ सरपटत पुढे आली. पर्यटनवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष पोचले तेव्हा पाणी डोहापर्यंत आलं होतं.

"याहून जास्त पाणी आमच्या सोसायटीच्या टाकीतून वाया जातं," वकील म्हणाले आणि त्यांनी पहिल्या पाण्याला तीन गुण दिले.

दुसऱ्या पाण्याला थोडा आवाज होता. सभासद उठून काठापर्यंत गेले. वकिलांनी पाच दिले, आणि खोडून सहा केले.

तिसरं पाणी आलं तसं सगळे गप्प झाले. कोणी सांगितलं नव्हतं. दगड एकेक करून बुडत गेले, मग डोह भरून काठाशी आला, आणि काठावरून हळूच जुन्या फाट्यात शिरला. इतक्या वर्षांच्या वाळलेल्या खड्यांवरून पाणी गेलं तसा तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वास सुटला. फाटा घोट्याएवढा भरला. मासेबाईंनी बूट काढले. का काढले ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग ते आले.

आधी एक, डोहाच्या तोंडाशी, पाठ पाण्याबाहेर, काय आहे ते बघायला आल्यासारखा. मग त्याच्यामागून पाच-सहा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. आयुष्यभर दगडाच्या रंगाचे असणारे ते म्हातारे मासे पोटाकडे शेंदरी झाले होते. मासेबाईंनी हा रंग पुस्तकातही बघितला नव्हता, कारण ते पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यात ही जागा कोरी होती. जोडी जोडीने मासे खड्यांवर अंग घासत होते, पाणी पांढुरकं होत होतं. डोहात मागे एकही राहिला नव्हता. इतक्या वर्षांनी घरात लग्न निघाल्यावर घरी कोण बसतं?

"हे काय करतायत?" वकिलांनी हळू आवाजात विचारलं.

"अंडी घालतायत," मासेबाई म्हणाल्या.

वकिलांनी टोपी काढली. अध्यक्ष म्हणाले, "मला माझ्या लहानपणची नदी आठवली," आणि ती कशी होती ते सांगायला लागले. पर्यटनवाल्या बाई खाली बसून व्हिडिओ काढत होत्या आणि डोळे पुसत होत्या. कोणाला डब्यांची आठवण झाली नाही. सगळ्यांनी तिसऱ्या पाण्याला दहा गुण दिले. वकिलांनीही. तिसरं पाणी ठरल्यापेक्षा फार जास्त वेळ वाहत राहिलं, कारण ते बंद करा म्हणायला कोणाची जीभ रेटत नव्हती. मासेबाईंच्या आयुष्यातला हा सगळ्यात आनंदाचा दिवस होता, आणि तो तिथेच संपवायची सोय असती तर ही गोष्टही तिथेच संपली असती.

आधी वीजघराचा फोन आला, पाणी फार गेलं, संध्याकाळच्या विजेची जबाबदारी कोणाची? मग अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

"बाई, आता ते कोरडं तेवढं उरकून घेऊ. मला उजेड आहे तोवर घाट उतरायचाय. आमच्या ड्रायव्हरला अंधारात दिसत नाही."

"मग त्याला ड्रायव्हर कशाला ठेवलाय?" पर्यटनवाल्या बाईंनी विचारलं.

"दिवसा चांगलं दिसतं त्याला," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, पाणी सावकाश उतरवावं लागेल," मासेबाई म्हणाल्या. "वेळ लागेल. पण कोरडी नदी सगळ्यांनी सकाळी बघितलीच आहे. तेच गुण धरू या."

"मी नाही बघितली," अध्यक्ष म्हणाले. "मी आलो तेव्हा पाणी होतं."

मासेबाईंनी वकिलांकडे बघितलं. वकिलांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांच्या पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत होत्या आणि पायाला शेवाळ लागलं होतं.

"माझं वैयक्तिक मत विचाराल तर, कोरडं काय बघायचं? रोजच कोरडं असतं," ते म्हणाले. "पण अट मीच लिहून घेतलीय, बाई. उद्या माझीच कंपनी मला विचारेल. अध्यक्षांनी चौथी स्थिती बघितली नाही तर सगळं रद्द. आजचे दहाही रद्द."

"उद्या या ना, साहेब," मासेबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "उद्या सकाळी फक्त बघून जा."

"एकाच दिवशी," वकील जमिनीकडे बघत म्हणाले.

अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. त्यांनी मासेबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही म्हणाल तसं करू. सावकाश म्हणालात तर मी निघतो, माझा नाइलाज आहे. एकदम म्हणालात तर थांबतो. तुम्ही तज्ज्ञ आहात."

फाट्यात मासे अजून खड्यांवर लोळत होते. डोहाचं तोंड काही फार लांब नव्हतं. मासेबाईंनी मनात हिशेब केला. काही अडकतील. पुढचे अडकतील, तोंडाजवळचे परत जातील. अडकलेले आपण उचलून सोडू. त्या बदल्यात नदीला कायमचं पाणी, दरवर्षी हा फाटा भरलेला, दरवर्षी पोरं. काही माशांच्या बदल्यात सगळे मासे. हिशेब चोख होता. असले हिशेब करणाऱ्या कंपन्यांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली होती.

त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "भाऊजी, बंद करा."

"सावकाश ना?"

"एकदम."

पलीकडे नुसती खरखर. मग, "मेहुणीबाई, ओट्यापाशी तुम्हीच तर—"

"भाऊजी, एकदम करा."

"पुन्हा एकदा विचारतो."

"विचारू नका," मासेबाई म्हणाल्या.

वर काहीतरी धाडकन आदळलं. पाण्याचा आवाज आधी खालच्या सुरात गेला, मग तुटक झाला, मग दगड एकेक करून पुन्हा वर आले. फाट्यातलं पाणी डोहाकडे मागे सरायला लागलं. माशांनी लोळणं थांबवलं. आणि सगळ्यांनी, अगदी तोंडाजवळच्यांनीसुद्धा, खाली बसून दगडाला ओठ लावले. लेखात लिहिलं होतं तस्सं. एकही पळाला नाही.

"जा!" मासेबाई ओरडल्या. "अरे जा ना, मूर्खांनो!"

पाणी उतरलं, त्यांच्या पाठी उघड्या पडल्या, तरी ते धरून होते. पूर निघून जाईल म्हणून.

मासेबाई फाट्यात धावल्या. मागून वकील, पर्यटनवाल्या बाई, अध्यक्षही. वकिलांनी एक मासा धरून ओढला.

"ओढू नका! ओठ फाटतात त्याचे!"

"मग काय करू?"

"दगडासकट उचला!"

लहान दगडावरचे मासे उचलता आले. मोठ्या दगडावरचे तसेच राहिले. टोप्यांमध्ये पाणी भरून आणलं, ते शिवणीतून गळून गेलं. कोणीतरी जेवणाचा डबा रिकामा करून आणला, त्यात तेलाचा तवंग होता. वकील एक धोंडा पोटाशी धरून डोहाकडे धापा टाकत गेले, त्यावर तीन मासे होते. वाटेत ते घसरून पडले आणि त्यांनी तिघांना चाचपडत शोधलं. डोहात सोडलेले मासे आडवे झाले, आणि आडवेच राहिले. ऊन दगडांवर परत आलं. शेंदरी रंग आधी गेला. मग हालचाल.

थोड्या वेळाने अध्यक्ष मांडवाकडे गेले, आणि चौथ्या स्थितीला शून्य गुण दिले. सगळ्यांनी शून्य दिले.

"बाई," निघताना ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "इतकं परिणामकारक प्रात्यक्षिक मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही. तुम्ही जिंकलात."

त्यांची गाडी उजेड होता तोवर घाट उतरली.

घरी ताईने ताटं वाढली आणि तशीच झाकून ठेवली. भाऊजी टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसले होते.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"विचारलं होतं," मासेबाई म्हणाल्या.

"दरवाजा अडकला म्हणून सांगायला हवं होतं मी. खोटंच."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, भाऊजी."

"येत नाही हो," ताई म्हणाली. "पस्तीस वर्षं बघतेय. गरज असते तेव्हा नेमकं येत नाही." आणि ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

पुढे रोज मासेबाई डोहात उतरत होत्या. डोळ्यांना काच लावून, तळापर्यंत, दगडाची प्रत्येक फट बघून. खेकडे होते, शेवाळ होतं. शेवाळ भराभर वाढत होतं, कारण त्याला खाणारं कोणी नव्हतं. फाट्यातली अंडी पहिल्याच दुपारी वाळून खड्यांना चिकटली होती. बघणाराला ती खसखस वाटली असती.

आदेश आला तो समितीच्या शेवटच्या बैठकीत. एकमताने. नदीला बारा महिने तिसऱ्या पातळीचं पाणी, म्हणजे भरपूर. कंपनीनेही विरोध केला नाही. वकिलांनी त्या दिवसानंतर कंपनीला काय सांगितलं कोण जाणे. इतकं पाणी आजवर कुठल्याच नदीला मिळालं नव्हतं. मासेबाईंना गुच्छ दिला. माइक बंद होता, म्हणून त्यांनी उभं राहून सांगितलं, "डोहात आता मासे नाहीत."

"येतील, येतील," अध्यक्ष म्हणाले. "पाणी आलं की येतात."

"कुठून?"

अध्यक्षांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी मान खाली घातली. एसी सुरू होता. पर्यटनवाल्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्यांनीही वाजवल्या.

"लिहिलंय ना पण," वकील बाहेर पडताना मासेबाईंना म्हणाले. "आदेशात त्याचं नाव लिहिलंय. पहिल्याच ओळीत." आणि त्यांनी मासेबाईंच्या हातातला गुच्छ गाडीपर्यंत नेऊन दिला.

पाणी सोडायचा दिवस ठरला. मासेबाई जाणार नव्हत्या, पण ताई म्हणाली, "जा. नदीचं तरी तोंड बघ," म्हणून गेल्या. डोहाच्या काठी एकट्याच उभ्या राहिल्या. वर नियंत्रण कक्षात भाऊजींनी बटण दाबलं. दिवा लाल झाला. त्यांनी पुन्हा दाबलं. तो लालच राहिला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तळाचा दरवाजा एकदम खाली आला होता, आणि पाण्याबरोबर आलेले दगड खाचेत सापडून तो तिरका होऊन बसला होता. पाणबुडे बोलावले. त्यांनी बघून सांगितलं की दरवाजा सरळ करायचा तर आधी धरण रिकामं करावं लागेल. धरण रिकामं करायचा रस्ता तो दरवाजाच आहे.